रविवारचं सुतारकाम आणि नाकातला भुसा

रविवारची सकाळ. पुस्तकं जमिनीवर, मुलांची खेळणी पलंगाखाली आणि स्वयंपाकघरातले डबे एकावर एक. सुताराला बोलावलं तर तो चार दिवसांनी येणार, माप घेऊन जाणार आणि जो आकडा सांगणार त्यात दोन महिन्यांचा किराणा येतो. मग घरातलं कुणीतरी ठरवतं की एक मांडणी आपणच करायची. भंगारवाल्याकडून जुन्या दाराच्या फळ्या येतात, शेजाऱ्यांकडचा ग्राइंडर येतो आणि गॅलरीत काम सुरू होतं. अर्ध्या तासात दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर आणि आतल्या खोलीत झोपलेल्या बाळाच्या चादरीवर पिवळसर पावडरीचा थर बसलेला असतो. काम करणाऱ्यानं तोंडाला रुमाल बांधलेला असतो आणि त्याला वाटतं, एवढं पुरे.

घरच्या घरी सुतारकाम करण्यासारखं समाधान कमी गोष्टींत आहे, आणि पैसेही खरोखर वाचतात. पण या कामातले धोके लोकांना भलत्याच ठिकाणी दिसतात. करवतीची सगळ्यांना भीती वाटते आणि भुशाकडे कुणी बघत नाही.

लाकूड कापताना किंवा घासताना उडणारे सगळे कण सारखे नसतात. हातकरवतीखाली पडतो तो जाडसर भुसा लगेच जमिनीवर बसतो. पॉलिश पेपरनं किंवा फिरत्या चकतीनं घासलं की मात्र पिठाहून बारीक धूळ निघते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. त्याहून बरेच लहान, १० मायक्रॉनच्या आतले कण नाकातल्या केसांना चुकवून घशाच्या खाली जातात आणि हवेत बराच वेळ तरंगत राहतात. काम थांबलं, उन्हाच्या तिरिपेत काही दिसेनासं झालं, तरी ते खोलीत असतात. थोडे मोठे कण नाकात अडकतात. नाकात अडकणं म्हणजे सुटका, असं वाटणं साहजिक आहे. इंग्लंडमधल्या एका गावानं ते खोटं ठरवलं.

लंडनच्या वायव्येला हाय विकम नावाचं गाव आहे. आजूबाजूच्या टेकड्यांवर बीचची झाडं, आणि त्यामुळे पिढ्यान् पिढ्या खुर्च्या बनवण्याचा धंदा. १९६०च्या दशकात तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्थर हॅडफील्ड यांच्या लक्षात आलं की नाकाच्या आतल्या पोकळीतला एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग आपल्याकडे फार वेळा दिसतोय, आणि रुग्ण बहुतेक फर्निचरच्या कारखान्यांतले आहेत. ऑक्सफर्डचे शल्यविशारद रोनाल्ड मॅकबेथ यांनाही हेच दिसत होतं. रोगपरिस्थितीचा अभ्यास करणारे डोनाल्ड अॅचेसन त्यांना येऊन मिळाले. हे अॅचेसन पुढे इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सामान्य लोकांत क्वचित दिसणारा हा आजार लाकूडकाम करणाऱ्यांत अनेक पटींनी जास्त होता. पॉलिश-वार्निशच्या वासापेक्षा कापण्या-घासण्यातून उडणाऱ्या धुळीकडे सगळा पुरावा बोट दाखवत होता.

१९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या पदार्थांचा हा गट. तंबाखूचा धूरही त्यातच आहे.

पण इथे घाबरून फळी खाली ठेवायचं कारण नाही. हाय विकमचे कामगार वर्षानुवर्षं, दिवसाचे आठ तास त्या धुळीत उभे होते आणि आजार बहुतेकांना अनेक दशकांनी झाला. वर्षातून दोन रविवार मांडणी करणाऱ्याचा धोका त्याच्या जवळपासही जात नाही. गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे ते. धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. ही गोष्ट बातम्यांत नेहमी गाळली जाते. ज्यांना खरी काळजी हवी ते आपल्याकडचे सुतार. बंद फ्लॅटमध्ये महिनाभर काम, खिडक्या लावलेल्या, कारण सोसायटीत धुळीची तक्रार होते. त्यांच्या नाकावर बहुधा काहीच नसतं आणि घरमालकही त्याबद्दल विचारत नाही. सुताराचं नाक सतत बंद असेल किंवा एकाच बाजूनं वारंवार रक्त येत असेल, तर तो सर्दीचा त्रास धरून सोडून द्यायचा नाही.

हौशी माणसाला लगेच भेटणारा त्रास वेगळा. दमा असलेल्याला धाप लागते, ऍलर्जी असलेल्याला शिंकांचा सपाटा सुरू होतो. आणि सागवान, शिसव यांसारखी आपली मानाची लाकडं याबाबतीत साध्या लाकडांपेक्षा खोडकर आहेत. सागाला वाळवी सहसा लागत नाही, याचं एक कारण त्यात असलेली क्विनोन वर्गातली रसायनं. तीच रसायनं काहींच्या कातडीला सोसत नाहीत. मनगटाच्या आतल्या बाजूला, मानेवर, पापण्यांवर, म्हणजे घामानं धूळ चिकटते तिथे, लाल चट्टे आणि खाज येते. पहिल्या वेळी काही होत नाही. शरीर एकदा संवेदनशील झालं की पुढे थोडी धूळही पुरते. म्हणून काम करताना पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालावा आणि काम संपल्यावर लगेच अंघोळ करावी.

आता उपाय. या कामात स्वस्त आणि सुरक्षित या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आणि हे फार कमी ठिकाणी घडतं. हातकरवत, एक बरा रंधा, पटाशी, गुण्या, हातोडी आणि दोन-तीन शिकंजे एवढ्यावर मांडणी होते. रंधा लाकडाची धूळ करत नाही, तो सोलपटं काढतो. कुरळी, लांब, पायाखाली कुरकुरणारी सोलपटं. ती नाकात जात नाहीत, झाडून सहज गोळा होतात. फळी गुळगुळीत करण्याचं नव्वद टक्के काम रंध्यानं उरकलं आणि पॉलिश पेपर अगदी शेवटच्या हातासाठी ठेवला, तर धुळीचा प्रश्न तिथेच निम्म्याहून कमी होतो. रंधा चालवायला सरावाला दोन रविवार लागतात, हे मात्र मान्य करावं लागेल. पातं धारदार नसेल तर चार वर्षंही पुरणार नाहीत.

ग्राइंडरची गोष्ट वेगळी. लोखंड घासण्यासाठी बनवलेल्या या यंत्राला लाकूड कापायचं दातेरी पातं लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ते मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतं. गाठीत किंवा लपलेल्या खिळ्यात दाता अडकला की सगळं यंत्र हातातून उसळतं आणि ते उसळतं ते धरणाऱ्याच्याच दिशेनं. पातं मोठं बसत नाही म्हणून वरचं संरक्षक कव्हर काढून टाकलेलं असेल तर मग बोलायलाच नको. घरच्या मांडणीसाठी त्याची गरज नाही. फार कापायचं असेल तर वखारीत किंवा प्लायच्या दुकानात माप देऊन फळ्या कापून घ्याव्यात. बरीच दुकानं थोड्या पैशांत कापून देतात आणि सरळ कापून देतात.

आवाजाचंही एक गणित आहे. कामगारांसाठी वापरला जाणारा एक मान्य हिशेब असा की ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास चालेल. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ग्राइंडर किंवा गोल करवत सहज या टप्प्यात जाते. औषधाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कानात घालायला काहीच खर्च नाही. कापसाचा बोळा चालत नाही.

धुळीसाठी साधे नियम आहेत. काम शक्य तेवढं बाहेर, गच्चीत किंवा अंगणात. वारा पाठीकडून घेऊन. तोंडाला एन-९५ दर्जाचा मास्क. करोनाच्या काळातले कपाटात पडून असतील तर त्यांची रबरं अजून ताणून बसतात का ते बघून वापरावेत. रुमाल आणि सैल कापडी मास्क मोठे कण अडवतात, म्हणजे जे तसेही खाली पडणार होते ते. डोळ्यांना बाजूनं बंद असलेला चष्मा. आणि काम संपल्यावर केरसुणी नको. कोरडा केर काढला की बसलेली बारीक धूळ पुन्हा हवेत जाते. ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं, कपडे गच्चीतच झटकावेत आणि मग घरात यावं.

पैसे वाचवायचे म्हटलं की जुनं लाकूड आलंच. पुण्या-नाशकात वाडे पाडले जातात तेव्हा निघणारं सागवान आज नव्यानं घ्यायला गेलं तर परवडणार नाही अशा प्रतीचं असतं. पन्नास-शंभर वर्षं वाळलेलं, आता न वाकणारं. पण त्या दारा-खिडक्यांवर तेलरंगाचे पाच-सात थर असतात, आणि लेखातली सगळ्यात मोठी काळजी तिथे आहे.

जुन्या रंगांत शिसं असायचं. पांढऱ्या रंगातला सफेता म्हणजे शिशाचा कार्बोनेट, पिवळ्यात लेड क्रोमेट, आणि लोखंडाला गंज लागू नये म्हणून पहिला हात ज्याचा देत तो शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. घराघरांतल्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नको, असा कायदेशीर नियम भारतात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या कुठल्याही दारावर शिसं नसेल असं गृहीत धरता येत नाही.

रंग जागेवर घट्ट बसलेला असेल तोवर तो फारसं काही करत नाही. तो कोरडा घासला की त्याची धूळ होते, आणि ती धूळ फरशीवर बसते, जिथे घरातलं रांगणारं बाळ हात टेकवतं आणि तोच हात तोंडात घालतं. लहान मुलांचं आतडं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं, आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. बुद्धी, लक्ष, शिकण्याची क्षमता हे सगळं त्यात येतं. झालेलं नुकसान नंतर भरून येत नाही. शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं गर्भापर्यंतही पोचतं. लक्षणं मात्र सुरुवातीला काहीच नसतात, त्यामुळे दार घासल्याचा आणि मुलाचा संबंध कुणाच्या डोक्यातही येत नाही.

तेव्हा रंगवलेलं जुनं लाकूड घरात घासू नये, मशीननं तर मुळीच नको. गॅसच्या ज्योतीनं रंग भाजून काढायची पद्धत आणखी वाईट, कारण त्यात शिशाची वाफ होते. रंग नीट बसलेला असेल तर त्याच्यावरच नवा हात द्यावा. काढायचाच असेल तर मुलं आणि गरोदर बायका त्या दिवशी दुसऱ्या घरी, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, पृष्ठभाग पाण्यानं ओला ठेवून पाणकागदानं हळूहळू घासायचं, आणि निघालेला गाळ कागदासकट गुंडाळून बाहेर. एवढी उठाठेव करायची नसेल तर रंग न लावलेलं जुनं लाकूड निवडावं, उदाहरणार्थ तुळया आणि कड्या. वर तेल-धुराचा काळा थर असतो, पण त्याच्या खाली रंध्याला सोन्यासारखं लाकूड लागतं.

जुन्या लाकडातले खिळे आधी काढायचे, सगळे. गंजलेल्या खिळ्यानं धनुर्वात होतो असं म्हणतात. गंजाचा त्यात दोष नाही. जंतू असतात मातीत आणि शेणात, आणि खिळ्याची जखम खोल, अरुंद, हवा न पोचणारी असल्यानं त्यांना ती सोयीची पडते. चकाकता खिळाही तेवढाच धोक्याचा. अशी जखम झाली आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

कारखान्यांतून बाहेर पडणारी पॅकिंगची खोकी आणि पॅलेट हा आणखी एक स्वस्त साठा. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि दोन अक्षरं जाळून उमटवलेली असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलंय, ते घ्यावं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलीय. ते तिथेच ठेवावं. अर्थात वायू काही दिवसांत उडून जातो. पॅलेटवर रसायनाचं पिंप फुटलं होतं का, हे मात्र कुठलाच शिक्का सांगत नाही. डाग असलेलं, वास येणारं किंवा हिरवट छटेचं लाकूड फुकट मिळालं तरी घरात आणू नये.

नवं घ्यायचं तर प्लाय किंवा एमडीएफ. नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात तो वास फॉर्माल्डिहाइडचा. लाकडाचे पातळ पापुद्रे किंवा भुसा चिकटवायला स्वस्त मालात युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद वापरतात, आणि उष्ण, दमट हवेत तो हळूहळू तुटून वायू सोडत राहतो. मुंबई-कोकणातल्या हवेला हे विशेष लागू. हा वायूही २००४ साली त्याच पहिल्या गटात गेला. स्नानघराजवळ किंवा मोरीत लावायला जो मरीन प्लाय मिळतो त्यात फिनॉलचा गोंद असतो. तो पाण्याला टिकतो आणि वायूही फार कमी सोडतो. महाग आहे, पण मुलांच्या खोलीपुरता तरी तो घ्यावा. एरवी मालावर ‘ई-१’ किंवा ‘ई-०’ अशी खूण आहे का ते विचारावं. सगळ्यात जास्त वायू कापलेल्या कडांतून निघतो, म्हणून मागची, खालची, कुणाला न दिसणारी कडसुद्धा पट्टीनं किंवा रंगानं बंद करायची. आणि नवं कपाट पहिले काही आठवडे दारं उघडी ठेवून, खिडकीजवळ.

मांडणी उभी राहिली, आता ती पडू नये. पुस्तकं दिसतात त्यापेक्षा जड असतात; मीटरभर रांग सहज २५-३० किलो भरते. फळीचा झोल तिच्या लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे तेवढीच दाट पुस्तकं ठेवून दोन फुटांची फळी तीन फूट केली तर झोल दीडपट होत नाही, पाचपट होतो. जाडी दीडपट, म्हणजे १२ ऐवजी १८ मिलिमीटर केली तर तोच झोल तिसऱ्या हिश्श्याहून कमी राहतो. आणखी स्वस्त युक्ती म्हणजे पुढच्या कडेला दोन इंच उंचीची उभी पट्टी गोंदानं आणि स्क्रूनं जोडणं. दहा इंच रुंदीच्या, १८ मिलिमीटर जाडीच्या फळीचा कडकपणा एवढ्यानं दुपटीच्या वर जातो. सुतार ती पट्टी शोभेसाठी लावतो असं बरेच लोक समजतात.

उभ्या मांडणीला वरच्या बाजूनं भिंतीशी बांधणं तेवढंच महत्त्वाचं. खालच्या कप्प्यावर पाय देऊन वरचा डबा काढू पाहणारं मूल प्रत्येक घरात असतं. भिंतीत भोक पाडताना बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावू नये, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. गिट्टी विटेपर्यंत पोचली पाहिजे. नुसत्या गिलाव्यात बसलेला स्क्रू दिवाळीच्या साफसफाईपर्यंतच टिकतो.

जुलैत दार घट्ट होतं आणि लोक ते रंधून घेतात. जानेवारीत त्याच फटीतून गार वारा येतो. लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं, पण लांबीला जवळपास नाहीच, फक्त रुंदीला. कोरड्या हिवाळ्यातून भर पावसाळ्यात जाताना दहा इंची फळी तीन-चार मिलिमीटर रुंद होऊ शकते. त्यामुळे अखंड लाकडाची फळी चारही बाजूंनी घट्ट बसवली की ती एकतर वाकते किंवा सांधा फोडते. उन्हाळ्यात केलेल्या कामात बाजूला थोडी फट सोडायची. प्लायला ही अडचण नाही, कारण त्यातले पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे असतात आणि एकमेकांना धरून ठेवतात.

शेवटचा हात तेलाचा. जवसाचं तेल स्वस्त, लावायला सोपं आणि जुन्या सागावर सुंदर दिसतं. ते वाळतं ते पाण्यासारखं उडून नव्हे, तर हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन, आणि त्यात उष्णता निघते. फळीवर ती कळतही नाही. पण तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि काही तासांत ते कुणी काडी न लावता पेटू शकतं. फडकं दोरीवर मोकळं वाळत घालावं किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावं.

उरलेल्या तुकड्यांचं काय? साध्या, रंग नसलेल्या लाकडाची सोलपटं आणि ढलप्या अंघोळीच्या बंबात जायला हरकत नाही. प्लायचे तुकडे, एमडीएफचा भुसा आणि जुन्या दाराचे रंगीत तुकडे मात्र बंबात, चुलीत, शेकोटीत नको आणि फाल्गुनातल्या होळीतही नको. ते वेगळ्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत.